कूच, मुक्काम आणि संसार

आपल्या समाजाचा इतिहास म्हणजे लढायांचा, किल्ल्यांचा आणि सनदांचा इतिहास, अशी समजूत आपल्यात रूढ झालेली आहे. कोणत्या घराण्यास कोणते वतन मिळाले आणि कोणता पुरुष कोणत्या रणांगणावर पडला, याची मोजदाद आपण अभिमानाने करतो, आणि ती करणे योग्यच आहे. परंतु रणांगणावर गेलेला पुरुष ज्या घरातून गेला त्या घराचे पुढे काय झाले, त्याच्या मागे पेरणी कोणी केली, मुलीचे लग्न कोणी जमविले, मुलास शाळेत कोणी घातले, याचा हिशेब क्वचितच मांडला जातो. वास्तविक आपल्यातील शिपाईपेशाच्या कुटुंबांनी पिढ्यान्‌पिढ्या जे सोसले ते मुख्यत्वे हेच होय. शत्रूशी गाठ आयुष्यात मोजक्या दिवशी पडे. हुकमाच्या अनिश्चिततेशी मात्र वर्षाचे बाराही महिने गाठ असे. पलटण केव्हा हलेल, कोठे जाईल, किती दिवस राहील आणि घरच्या माणसांस बरोबर नेता येईल की नाही, या चार प्रश्नांची उत्तरे शिपायाच्या हाती कधीच नव्हती.

प्रस्तुत लेखात या अनिश्चिततेचा, आणि तिच्याशी आपल्या घरांनी कसा मेळ घातला याचा, थोडा इतिहास आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत. आमचे म्हणणे थोडक्यात असे आहे की, हुकूम पक्का होईल तेव्हा पाहू असे म्हणून ज्यांनी घरची कामे लांबणीवर टाकली त्यांचे संसार मागे पडले. हुकूम कसाही येवो, घराचा एक तरी खांब जागचा हलणार नाही अशी तजवीज ज्यांनी केली त्यांचे संसार उभे राहिले. तो खांब बहुतेक ठिकाणी घरची स्त्री हीच होती, आणि तिचे नाव आपल्या कोणत्याही शिलालेखावर नाही.

दसरा ते वैशाख

शिवछत्रपतींच्या काळी लष्कराचे वर्ष ठरलेले होते. राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून जिंजी येथे लिहिलेल्या बखरीत कृष्णाजी अनंत सभासद याने त्याची शिस्त तपशीलवार सांगितली आहे. पावसाळ्यात लष्कराने आपल्या मुलुखात छावणीस यावे. तेथे घोड्यांसाठी दाणा, वैरण व औषधे आणि माणसांसाठी शाकारलेली घरे अगोदरच तयार असावीत. दसरा झाला की छावणी सोडून कूच करावे. आठ महिने परमुलुखात काढावेत आणि वैशाखात परत फिरावे, असा तो क्रम होता. निघताना प्रत्येकाजवळील चीजवस्तूंची याद होई आणि परतताना झडती घेतली जाई. लष्कराबरोबर बायका, बटकी वा कलावंतिणी नेण्यास सक्त मनाई होती.

या शिस्तीकडे आजवर आपण केवळ युद्धशास्त्राच्या दृष्टीने पाहिले. घराच्या दृष्टीने पाहिल्यास तिचा निराळाच अर्थ ध्यानात येतो. घरधनी दसऱ्यास जाणार आणि वैशाखात मुलुखात येणार, हे ज्या घरास ठाऊक असे त्या घरास आपले वर्ष आखता येत असे. चातुर्मासात लग्ने होत नाहीत. तुळशीच्या लग्नानंतर लग्नसराई सुरू होते खरी, पण त्या वेळी पुरुष मोहिमेवर. तेव्हा घरच्या कर्त्या पुरुषाच्या साक्षीने कार्य उरकावयाचे तर वैशाख आणि ज्येष्ठ हेच महिने उरत. त्यापाठोपाठ मृगाची पेरणी. कार्तिक-मार्गशीर्षातील काढणी आणि मळणी मात्र घरी राहिलेल्यांनाच करावी लागे. म्हणून भावाभावांपैकी एकाने लष्करात जावे आणि एकाने शेत राखावे, ही वाटणी अशा घरांस सोयीची होती. सावड आणि इर्जिक या आपल्या खेड्यांतील रीती आपण केवळ शेतीच्या मानतो. परंतु ज्या घरातील नांगर धरणारा माणूस मुलुखगिरीवर गेला आहे, त्या घराचे रान त्यांच्यामुळेच पडीक राहत नसे.

येथे एक गोष्ट विसरता कामा नये. मरण त्या काळीही अनिश्चितच होते. बायकांस मोहिमेवर नेण्याची मनाई असल्यामुळे वियोगही होताच. परंतु वियोगाचा काळ ठाऊक होता. दुःखास मुदत असली म्हणजे माणूस त्याच्याभोवती संसार रचू शकतो.

मोहीम लांबली तेव्हा

पुढे मराठ्यांचा पल्ला नर्मदेपार गेला, तसे हे वर्षाचे गणित मोडू लागले. दिल्लीपर्यंत गेलेली फौज पावसाळ्यापूर्वी सह्याद्रीच्या कुशीत परत येणे शक्य नव्हते. सदाशिवराव भाऊ मार्च १७६० मध्ये दक्षिणेतून निघाले. त्या वर्षीचा पावसाळा फौजेने उत्तरेतच काढला. ऑगस्टमध्ये दिल्ली हाती आली, ऑक्टोबरात कुंजपुरा सर झाला आणि १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर सर्वनाश झाला. थोरल्या महाराजांच्या वेळची मनाई एव्हाना सैल झाली होती. फौजेबरोबर सरदारांचे कुटुंबकबिले होते, बुणगे होते, यात्रेकरूही होते. भाऊंची पत्नी पार्वतीबाई आणि विश्वासरावांची पत्नी लक्ष्मीबाई या दोघीही त्या मोहिमेत होत्या. घरापासून किती काळ दूर राहावे लागेल याचा अंदाज नसला म्हणजे घर बरोबर नेण्याचा मोह होतो, आणि तसे नेलेले घर मग फौजेचेच संकट भोगते, हा धडा पानिपताने फार मोठी किंमत घेऊन शिकविला.

पार्वतीबाई त्या संहारातून परत आल्या. पती रणात पडल्याचे त्यांनी अखेरपर्यंत मानले नाही. १७८३ मध्ये देह ठेवीपर्यंत त्या सौभाग्यवती म्हणूनच राहिल्या. मध्यंतरी भाऊसाहेब असल्याची बतावणी करणारा तोतया निघाला. त्याने मोठे बंड माजविले आणि १७७६ साली त्यास देहान्त शासन झाले. इतिहासकार या प्रकरणात राजकारण पाहतात. आम्हांस त्यात बावीस वर्षे निश्चित वार्तेवाचून काढलेले एक घर दिसते. मरणाची बातमी घरास मोडते, परंतु बातमीचा अभाव घरास उभेही राहू देत नाही आणि बसूही देत नाही. पेशव्यांच्या वाड्यात जे घडले ते कितीतरी बारगिरांच्या आणि शिलेदारांच्या झोपड्यांतही घडले असले पाहिजे. तेथे लिहून ठेवणारा कारकून मात्र नव्हता.

या काळात घरांनी दोन उपाय शोधले. पहिला उपाय म्हणजे मुक्काम लांबला तर तेथेच घर करावयाचे. महादजी शिंदे कित्येक वर्षे उत्तरेत राहून १७९२ मध्ये पुण्यास आले आणि १२ फेब्रुवारी १७९४ रोजी वानवडी येथे निवर्तले. त्यांच्या आणि इतर सरदारांच्या फौजेबरोबर गेलेली कितीतरी कुटुंबे ग्वाल्हेर, इंदूर, धार, देवास आणि बडोदे येथे कायमची वसली. त्यापूर्वी व्यंकोजीराजांच्या मागे तंजावरास गेलेल्या घरांचेही तसेच झाले. आज त्या कुटुंबांची मराठी बोली निराळी झाली आहे. पण कुळाचार, कुळदैवत आणि गावाच्या नावावरून पडलेले आडनाव यांच्या आधाराने त्यांनी मूळ घराशी नाते राखले.

दुसरा उपाय सरदार व राजघराण्यांतील खांडा-लग्नाचा. नवरदेव येऊ शकत नसेल तर त्याचा खांडा पाठवावयाचा आणि त्याच्याशी वधूचे लग्न लावावयाचे, ही ती रीत. आजच्या वाचकांस ती विचित्र वाटेल. परंतु माणसाची हजेरी अनिश्चित असली तरी कार्याचा मुहूर्त टळू द्यावयाचा नाही, हा निश्चय तिच्यात आहे आणि तो ध्यानात घेण्याजोगा आहे.

पलटणीचे बिऱ्हाड

१८१८ साली पेशवाई बुडाली आणि आपले तरुण कंपनीच्या फौजेत मोठ्या संख्येने जाऊ लागले. मुंबईच्या फौजेत मराठी मुलुखातील शिपायांची भरती त्यापूर्वीच होत होती. ज्या पलटणी पुढे मराठा लाइट इन्फन्ट्रीत आल्या त्यांपैकी सर्वांत जुनी, म्हणजे जंगी पलटण, १७६८ सालची आहे. आता शिपायास पगार महिन्याचा मिळू लागला आणि चाकरी बारमाही झाली. दसऱ्याचे कूच संपले. कूच केव्हा करावयाचे ते आता ऋतूवर अवलंबून राहिले नाही. सरकारच्या मनात आले की पलटण हलू लागली.

मुंबईच्या फौजेतील शिपाई कुटुंब बरोबर ठेवीत, ही त्या फौजेची रीत होती. छावणीत ‘लाइनी’ असत, तेथे बिऱ्हाडे थाटली जात, मुले तेथेच जन्मत, तेथेच वाढत आणि वयात आली की त्याच पलटणीत भरती होत. पण हुकूम समुद्रापलीकडचा आला म्हणजे बिऱ्हाड मागे राही. १८३९ मध्ये एडन, १८५६-५७ मध्ये इराण आणि १८६७-६८ मध्ये हबसाण, अशा मोहिमांवर मुंबईच्या फौजेचे शिपाई जहाजांतून गेले. लाइनीत राहिलेल्या बायकांस ना सासर जवळ, ना माहेर. पलटण हेच त्यांचे गाव झालेले, आणि ते गावच उठून गेलेले.

या पलटणी-जीवनाचे सर्वपरिचित उदाहरण आपल्या शेजारच्या महार समाजातील आहे. सुभेदार रामजी सकपाळ हे महू येथे पलटणीच्या शाळेत शिकवीत असत. तेथेच १४ एप्रिल १८९१ रोजी डॉक्टर बाबासाहेब आंबेडकरांचा जन्म झाला. चाकरी संपताच छावणीतील घर सुटले. कुटुंब महूहून कोकणात दापोलीस आले आणि तेथून साताऱ्यास गेले. साताऱ्यास मातोश्री भीमाबाई निवर्तल्या आणि पोरक्या मुलांचा सांभाळ आत्या मीराबाई यांनी केला. पलटणीच्या शाळांमुळे ते घर शिकलेले होते, आणि आत्येने धरून ठेवल्यामुळे ते घर एकत्र राहिले. याच सुमारास सरकारने महारांची भरतीच बंद केली. पुढे पहिल्या महायुद्धात गरज पडली तेव्हा १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभी केली आणि गरज सरताच १९२१ मध्ये ती मोडली; शेवटी १९४१ साली बेळगावी महार रेजिमेंटची स्थापना झाली. एकाच समाजास पन्नास वर्षांत इतक्या वेळा चाकरीत घेणे आणि काढणे, हीही एक प्रकारची बदलीच होय. आणि तिचा हुकूम एका माणसावर नव्हे, सबंध समाजाच्या घरांवर सुटला होता.

टपाल, मनिऑर्डर आणि तार

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात एक मोठा फरक पडला. १८८० साली टपाल खात्याने मनिऑर्डर सुरू केली. आता शिपायाची कमाई त्याच्या आधी घरी पोचू लागली. त्यामुळे कुटुंब लाइनीत ठेवण्यापेक्षा गावी ठेवणे अनेकांस परवडू लागले. सातारा, कोल्हापूर, रत्नागिरी या जिल्ह्यांत आज जी आपली ‘फौजी गावे’ म्हणून प्रसिद्ध आहेत, त्यांच्या घडणीत या मनिऑर्डरीचा वाटा थोडा नव्हे. पुरुष सीमेवर, पैसा टपालात आणि संसार गावात, अशी त्रिस्थळी व्यवस्था तेव्हापासून रूढ झाली.

या व्यवस्थेची खरी परीक्षा पहिल्या महायुद्धात झाली. पुणे डिव्हिजन म्हणून ओळखल्या जाणाऱ्या सहाव्या डिव्हिजनमध्ये १०३, ११० आणि ११७ या तीन मराठा पलटणी होत्या. तिची पहिली ब्रिगेड ऑक्टोबर १९१४ मध्ये मुंबईहून निघाली, प्रथम बहरीनला नेण्यात आली आणि ६ नोव्हेंबर रोजी इराकच्या मुखाशी फाव येथे उतरली. लढाई सरकत सरकत तैग्रिस नदीच्या वर गेली आणि ७ डिसेंबर १९१५ पासून हे सैन्य कुत येथे वेढ्यात सापडले. बिनतारी यंत्रावरून सेनापतींचे निरोप जात-येत होते; शिपायाच्या पत्रास मात्र वाट नव्हती. २९ एप्रिल १९१६ रोजी उपासमारीने टेकीस आलेल्या या सैन्याने शरणागती पत्करली. सुमारे १३ हजार माणसे कैदेत गेली. त्यांस वाळवंटातून पायी चालविण्यात आले, आणि हिंदी शिपायांपैकी अनेकांस रस-अल-ऐन येथे रेल्वेच्या कामास जुंपण्यात आले. त्यांपैकी फार मोठ्या संख्येने लोक परत आले नाहीत. जे आले ते १९१८ च्या तहकुबीनंतर. म्हणजे १९१४ च्या दिवाळीपूर्वी निघालेल्या माणसाची वाट त्याच्या घराने चार चार वर्षे पाहिली.

सातारा जिल्ह्यातील अपशिंगे या एका गावातील ४६ जवान त्या महायुद्धात कामी आले. त्यांच्या स्मरणार्थ गावात शिळा उभारलेली आहे आणि ‘अपशिंगे मिलिटरी’ हेच गावाचे नाव होऊन बसले आहे. त्या शिळेपुढे आपण मान लववितो. परंतु ४६ जवान म्हणजे ४६ चुली, हा हिशेबही त्याच वेळी मनात यावयास हवा. त्या चुली ज्यांनी विझू दिल्या नाहीत त्यांनी उभे केलेले घर पुढेही सैन्यात मुलगे धाडीत राहिले, म्हणूनच गावाची कीर्ती टिकली.

दुसऱ्या महायुद्धात हेच पुन्हा, अधिक विस्तृत प्रमाणावर घडले. १९४१ मध्ये इरिट्रियातील केरन, १९४२ मध्ये तोब्रुक, १९४४ मध्ये मणिपुरातील सांगशाक आणि १९४३ पासून इटली, इतक्या परस्परदूर ठिकाणी एकाच रेजिमेंटच्या पलटणी विखुरल्या होत्या. एकाच घरातील दोन भाऊ दोन खंडांत असू शकत. इटलीत १० जुलै १९४४ रोजी पडलेले नाईक यशवंत घाडगे यांस मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. एप्रिल १९४५ मध्ये तोच सन्मान शिपाई नामदेव जाधव यांनी मिळविला. घरी येणाऱ्या पत्रावर ठिकाणाचे नाव नसे, मजकूर तपासलेला असे, आणि तो वाचून दाखविण्यास मास्तरांकडे किंवा टपालवाल्याकडे जावे लागे. मनातले दुःख परक्याच्या तोंडून ऐकावयाचे आणि उत्तरही परक्याच्या हातून लिहावयाचे, ही निरक्षर गृहिणीची कुचंबणा होती. फौजी घरांनी मुलींच्या शिक्षणाची निकड इतरांच्या आधी ओळखावयास हवी होती, असे आम्हांस वाटते ते याच कारणाने. तारेची तर धास्तीच होती. रजा मंजूर झाल्याची तार आणि माणूस गेल्याची तार, दोन्हींचे पाकीट सारखेच. २०१३ साली तारसेवा बंद झाली. तरी ‘तार आली’ या दोन शब्दांनी आपल्या वृद्ध माताभगिनींच्या छातीत आजही धस्स होते.

शांततेचे ठाणे आणि सीमेचे ठाणे

स्वातंत्र्यानंतर सरकार आपले झाले. चाकरीचा स्वभाव मात्र तोच राहिला. पायदळातील जवानाची नोकरी आजही दोन प्रकारच्या ठाण्यांत वाटली जाते. एक ‘पीस’, म्हणजे शांततेचे ठाणे. तेथे विवाहितांस क्वार्टर मिळाल्यास कुटुंब आणता येते. दुसरे ‘फील्ड’, म्हणजे सीमेवरचे. तेथे कुटुंबास मज्जाव. साधारणपणे दोन-तीन वर्षांनी पलटण एकातून दुसऱ्यात जाते. परंतु ही मुदत पंचांगातल्यासारखी पक्की नसते. क्वार्टरची पाळी येईपर्यंत पलटण हलण्याची वेळ येते. मुलाचे नाव शाळेत घातले न घातले तोच दाखला काढावा लागतो. पत्त्यावर गावाचे नाव नसते. ‘५६ एपीओ’ किंवा ‘९९ एपीओ’ एवढ्यावरच पत्र जाते, आणि आपला माणूस बर्फात आहे की वाळवंटात हे घरास पत्त्यावरून कळत नाही.

शिवाय युद्ध कोणाची सोय पाहून येत नाही. १९६२ मध्ये चीनचे आक्रमण झाले ते २० ऑक्टोबर रोजी, दिवाळीच्या तोंडावर. १९९९ ची कारगिलची लढाई मे ते जुलै या महिन्यांत झाली. आपल्याकडे ती लग्नसराई आणि पेरणी यांची वेळ. डिसेंबर २००१ मध्ये संसदेवर हल्ला झाल्यानंतर सैन्य सीमेवर नेण्यात आले आणि ते ऑक्टोबर २००२ मध्ये मागे घेण्यात आले. त्या काळात युद्ध पुकारले गेले नाही, पण घरांचा एक सबंध हंगाम, शाळेची एक वार्षिक परीक्षा आणि लग्नाचा एक मोसम वाट पाहण्यातच गेला. १९८७ च्या जुलैत श्रीलंकेस गेलेली शांतिसेना मार्च १९९० मध्ये परत आली. या प्रत्येक तारखेच्या मागे ठरलेली आणि मोडलेली कार्ये आहेत.

सरकारने या अडचणी अजिबात ओळखल्या नाहीत असे म्हणणे अन्यायाचे होईल. बदलीच्या नोकरीत मुलांचे शिक्षण तुटू नये म्हणून १९६३ साली केंद्रीय शाळांची योजना निघाली, आणि आरंभी पलटणींच्या २० शाळा तीत घेण्यात आल्या. सर्वत्र एकच अभ्यासक्रम असल्याने मूल बेळगावहून जबलपुरास गेले तरी त्याचे पुस्तक बदलत नाही. जवानांच्या मुलांसाठी बेळगावची सैनिकी शाळा १९४५ पासून आहे. साताऱ्याची सैनिक शाळा १९६१ साली निघाली. फील्डवर गेलेल्यांच्या कुटुंबांसाठी काही ठिकाणी निराळ्या वसाहती आहेत. अनेक जिल्ह्यांत सैनिक कल्याण कार्यालये आहेत. दूरध्वनीने तर रोजचा आवाज घरात आणून दिला. परंतु दूरध्वनीवरून शेताची वाटणी होत नाही, आणि आजारी सासऱ्यास इस्पितळात नेता येत नाही. ती कामे करणारे माणूस घरातच असावे लागते.

आपले कर्तव्य

या तीनशे वर्षांच्या कथेतून आम्हांस जे सार दिसते ते असे. हुकूम अनिश्चित असतो, म्हणून संसारातील गोष्टींचे दोन भाग करावेत. ज्या हुकमाने हलतात त्या कितीही जवळच्या असल्या तरी तात्पुरत्या मानाव्यात; ज्या हुकमाने हलू नयेत त्या आधीच पक्क्या कराव्यात. मुलांचे शिक्षण, घरातील कागदपत्रे, जमिनीची व्यवस्था आणि गृहिणीचा अधिकार या दुसऱ्या भागात मोडतात. जुन्या घरांनी हे आपल्या परीने केले. एक भाऊ शेतावर ठेवला, पहिले बाळंतपण माहेरी केले, मुलांस आत्याकडे किंवा मामाकडे शिकावयास ठेवले. आता एकत्र कुटुंबे विरळ झाली आहेत. भाऊ पुण्यास कारखान्यात आणि आत्या मुंबईस चाळीत. तो खांब आता एकट्या गृहिणीवर आला आहे. तेव्हा समाजाने तिला आधार दिला पाहिजे.

याकरिता आम्ही सभासद कुटुंबांपुढे चार गोष्टी ठेवतो. पहिली कागदपत्रांची. लग्न झाले की आणि मूल जन्मले की त्याची नोंद पलटणीच्या ‘पार्ट टू ऑर्डर’मध्ये तत्काळ करवून घ्यावी. ही नोंद राहिली तर पुढे कुटुंब निवृत्तिवेतनाच्या वेळी विधवेस दारोदार फिरावे लागते. नावाचे स्पेलिंग, जन्मतारीख आणि गावाचे नाव सर्व कागदांवर एकसारखे असावे. बँकेचे खाते पतिपत्नींचे संयुक्त असावे. आणि या सर्वांच्या प्रती गृहिणीपाशी असाव्यात, दिराच्या किंवा सासऱ्याच्या पेटीत नव्हे. वडीलधाऱ्यांस हे बोलणे कदाचित कठोर वाटेल. परंतु जिच्यावर भार तिच्याच हाती किल्ली, हा न्याय घरातल्या घरात तरी आपण पाळावयास हवा.

दुसरी गोष्ट लग्नकार्याची. जवानाच्या लग्नासाठी वधूपक्षाने तारखेचा हट्ट धरू नये. रजा मिळेल त्या दिवशी साधेपणाने विधी उरकावा, नोंदणी करावी आणि समारंभ सवडीने करावा. ज्यांचे पूर्वज खांड्याशी लग्न लावून मोकळे होत, त्यांच्या वंशजांनी मांडव आणि वाजंत्री यांसाठी रजेचे दिवस वाया घालवू नयेत.

तिसरी गोष्ट शिक्षणाची. नववी ते बारावी ही चार वर्षे मुलामुलींच्या आयुष्यात निर्णायक असतात आणि नेमक्या त्याच वर्षांत बापाची बदली येते. केंद्रीय विद्यालय प्रत्येकाच्या वाट्यास येतेच असे नाही. राजर्षी शाहू छत्रपतींनी १९०१ साली कोल्हापुरात मराठा विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह काढले, आणि त्यांच्या राज्यात पुढे एकामागून एक समाजाची वसतिगृहे उभी राहिली. हा मार्ग आपल्यास नवा नाही. ज्यांचे वडील फील्डवर आहेत अशा मुलांसाठी, आणि विशेषतः मुलींसाठी, आपल्या संस्थेने वसतिगृहात काही जागा राखून ठेवाव्यात. आणि जेथे वसतिगृह नाही तेथे शहरातील सभासद कुटुंबांनी एकेक मूल आपल्या घरी ठेवून घ्यावे. मीराबाईंनी भावाच्या मुलांसाठी जे केले तेच येथे ज्ञातीने करावयाचे आहे.

चौथी गोष्ट स्मरणाची. पुढील स्मरणिकेत वीरपुरुषांच्या यादीशेजारी, त्यांच्या मागे ज्यांनी घर राखले त्या स्त्रियांचीही यादी असावी अशी आमची सूचना आहे. नाव, गाव, पती किंवा पुत्र किती वर्षे बाहेर होता, आणि त्या काळात घरात कोणकोणती कार्ये झाली, एवढे चार रकाने पुरे होतील. सत्तरीच्या पलीकडील कितीतरी माता आज आपल्यात आहेत. त्यांनी १९६५ आणि १९७१ ही दोन्ही युद्धे घरात राहून पाहिली आहेत. त्या सांगू शकतात तोवर हे लिहून घेतले पाहिजे. पेशव्यांच्या दप्तरात शिपायाच्या बायकोस जागा नव्हती आणि कंपनीच्या दप्तरातही नव्हती. आपल्या दप्तरात ती जागा करणे आपल्याच हाती आहे, आणि त्यासाठी कोणाच्याही हुकमाची वाट पाहण्याचे कारण नाही.